जेट स्कीच्या हलमध्ये तेल आणि पाणी: एका सीझनच्या वापरानंतर

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते मे असा अख्खा सीझन खाऱ्या पाण्यात चाललेल्या 1500 सीसी, फोर-स्ट्रोक, तीन सीटच्या जेट स्कीचा हा अनुभव. ताकद, वळणं, बसायची सोय याबद्दल तक्रारीला जागा नाही. त्रास दिला तो सीट काढल्यावर तळाशी दिसणाऱ्या काळपट, तेलकट पाण्याने. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तेल एकीकडून येतं, पाणी दुसरीकडून, आणि दोन्ही हलच्या (गाडीच्या होडीसारख्या पोकळ कवचाच्या) तळाशी एकत्र होतात. एकच बिघाड धरून शोधायला बसलात तर चुकीचा भाग उघडला जातो.

पाण्यावरचा तवंग फसवा असतो. चमचाभर तेलसुद्धा हलभर पसरतं. म्हणून आधी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघा. गाडी सपाट, इंजिन गरम, बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच मोजायचं. पातळी घटत नसेल तर गळती किरकोळ आहे. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र पाणी इंजिनात गेलंय. मग इंजिन चालू करायचंच नाही. किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या सुरक्षा बटणाची) दोरी काढून, स्पार्क प्लग उघडून आधी सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं. त्यानंतर तेल-फिल्टर बदला, पाचेक मिनिटं चालवा आणि तेल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा बदला. दोन-तीन वेळा बदलावं लागतंच. खारं पाणी आत गेलं असेल तर हे काम त्याच दिवशी व्हायला हवं, दुसऱ्या दिवशी गंज धरलेला असतो.

तेलाचा शोध कोरड्या, स्वच्छ इंजिनावरच लागतो. डिग्रीझरने धुवा, पुसा, वाळवा, संशयित जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी थोडा वेळ चालवून आणा. पावडर जिथे ओली, त्याच्या वरचा जोड दोषी, कारण तेल खाली ओघळतं. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी गोल कडी) बसवताना चिमटली जाते, हे सर्वात जास्त आढळणारं कारण. मग व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ऑइल कूलरच्या ओ-रिंग, ऑइल प्रेशर सेन्सर. एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात) तेल सापडलं तर गॅस्केट बदलत बसू नका. बहुधा तेल जास्त भरलंय आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वर आलंय. या इंजिनात फिल्टरसह बदलताना साधारण 3 लिटर लागतं, पण जुनं सगळं निघत नाही. म्हणून थोडं कमी ओता, चालवा, मोजा, मग भर घाला.

पाण्यासाठी तीन टप्पे. पहिला, ट्रेलरवर पाइप लावून फ्लश करताना, म्हणजे कूलिंगचे पाइप गोड्या पाण्याने धुताना, हलमध्ये पाणी येतं का? आलं तर कूलिंगचे पाइप, क्लॅम्प किंवा एक्झॉस्टचा रबरी जोड. फ्लशचा क्रम पाळलाच पाहिजे: आधी इंजिन, लगेच पाणी, थांबवताना आधी पाणी, काही सेकंदांनी इंजिन. उलटं केलंत तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत जातं. दुसरा टप्पा, गाडी खाडीच्या शांत पाण्यात बांधून, सीट काढून, इंजिन बंद ठेवून टॉर्चने पाहायचं. इथे आलं तर मागचे ड्रेन प्लग आणि त्यांच्या ओ-रिंग, स्टीअरिंग व रिव्हर्स केबल हलमधून जिथे बाहेर पडतात तिथले नट, नाहीतर शाफ्टचं सील. तिसरा टप्पा, फक्त वेगात येतं. तेव्हा पंप (पाणी मागे फेकून गाडी पुढे ढकलणारा) आणि हल यांमधलं सील, ग्रेट (पंपाच्या तोंडावरची जाळी) आणि राइड प्लेट (पंपाखालची पट्टी) यांचे बोल्ट, किंवा हलची चीर.

या गाडीत मुख्य चोर निघतो तो कार्बन सील. ड्राईव्हशाफ्ट हलमध्ये शिरतो तिथे रबरी बेलो (घड्यांची नळी), त्याच्या तोंडाशी काळी कार्बन रिंग, आणि तिच्यावर दाबून बसलेली स्टीलची रिंग. रिंग झिजली की पाणी चक्रासारखं उडतं आणि शाफ्टभोवती हलच्या भिंतीवर मिठाची पांढरी-काळी रेघ उमटते. ती रेघ दिसली की निदान झालं. कार्बनच्या कडेला खपली गेली आहे का, बेलोला भेग आहे का, हे बोटाने फिरवून पाहा. स्टील रिंगच्या आतल्या ओ-रिंग तर हमखास विसरल्या जातात. कार्बन नवा बसवला आणि त्या जुन्याच ठेवल्या की पाणी शाफ्टलगत सरळ आत येतं. रिंग, बेलो, ओ-रिंग, क्लॅम्प हा पूर्ण संच एकदमच बदलावा. बाहेरून सिलिकॉन फासून हे थांबत नाही. पाण्याबाहेर इंजिन फार वेळ चालवलं तरी हेच सील तापून खराब होतं, कारण त्याला थंडावा पाण्याचाच.

तारकर्लीची बारीक रेती इथे खास शत्रू. कमरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन सुरू केलं की पंप रेती ओढतो, वेअर रिंग (पंपाच्या पात्यांभोवतीची कडी) खरवडली जाते आणि गाडी ओढत नाही.

आता तेल आणि पाणी एकमेकांना भेटतात ती जागा: बेलर, म्हणजे तळातलं पाणी बाहेर ओढणारी नळी. तो पंपाच्या ओढीवर चालतो, म्हणजे गाडी धावतानाच पाणी उपसतो. तळातलं तेल आणि रेती मिळून त्याची जाळी तुंबवतात. या नळीच्या वळणाच्या वरच्या टोकाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. तेच बुजलं तर उभ्या गाडीत पाणी उलटं आत येऊ लागतं. साचलेलं पाणी शाफ्टचा कपलर (इंजिन आणि शाफ्ट जोडणारा भाग) उडवतो आणि स्टार्टर मोटर भिजते. म्हणून किरकोळ तेलगळतीही सोडू नये. दर आठवड्याला पातळ तारेने छिद्र मोकळं करा, जाळी ब्रशने धुवा. वेगळा इलेक्ट्रिक बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) बसवणं भाड्याच्या गाडीला आवश्यकच मानतो.

तळातलं तेल आधी शोषक पॅडने टिपून घ्या, ते तसंच किनाऱ्यावर सोडू नका. तिथेच मासेमारीची जाळी पसरलेली असतात. काम करण्यापूर्वी सीट काढून थोडा वेळ हवा खेळू द्या, पेट्रोलची वाफ तळाशी साठते.

जुनी गाडी घेणार असाल तर सीट उचलून शाफ्टभोवतीची रेघ, डिपस्टिकवरच्या तेलाचा रंग आणि स्टार्टरवरचा गंज पाहा, मगच किमतीची बोलणी करा.