नर्सरीतला अझोला झकास, ताडपत्री फुसकी

गायी-कोंबड्यांना चारायला तालुक्याच्या एका नर्सरीतून दोन किलो अझोला आणि 12 बाय 4 फुटांची ताडपत्री आणली. बियाणं म्हणून विकतात, पण हे पाण्यावर तरंगणारं नेचं. बी नसतंच, तुटून तुटून वाढतं. पानाच्या पोकळीतलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरतं, म्हणून धानाच्या बांधीतही खत म्हणून सोडतात.

माल ताजा निघाला. कोठ्यामागं सावलीत ताडपत्री अंथरून टाकं केलं; त्यात चार बोटं पाणी, शेणकाला, मूठभर सुपर फॉस्फेट. पंधरा दिवसांत अझोल्याखाली पाणी दिसेना. गायीनं मात्र हुंगून तोंड फिरवलं; शेणाचा वास! तीन पाण्यांनी धुऊन ढेपेत, म्हणजे पेंडीत, कालवलं, तेव्हा टोपलं चाटून साफ. ढेप थोडी वाचते, बंद होत नाही, विकणारा काहीही सांगो. कोंबड्या तर तुटून पडतात.

तक्रार ताडपत्रीची. मे महिन्यात कडा तडकल्या, पाणी झिरपलं, ऊन 45 वर गेलं आणि अझोला तांबडा पडून विरघळला. बदलून मागितली तर म्हणे, "उन्हात कायले ठेवली भाऊ?" घरचीनं रांजणाजवळ ओल्या पोत्याखाली बादलीभर जगवला होता, त्यावरच टाकं पुन्हा भरलं. ताडपत्री या वेळी जाड, दुसरीकडून.