स्थानिक गट उभारणीची ऑनलाइन कार्यशाळा : मागणी ठरवायला उत्तम, गट टिकवायला अपुरी

उत्पन्नातली विषमता कमी व्हावी असं वाटणारी माणसं खूप भेटतात. चार जण जमतातही, पण पुढे करायचं काय, इथे गाडी अडते. या कार्यशाळेने ती अडचण बऱ्यापैकी सोडवली, म्हणून आधीच सांगते : गट सुरू करायचा विचार असेल तर जरूर करा. शेवटच्या सत्राबद्दल मात्र तक्रार आहे.

पगारपत्रकं तयार करणं ही माझी आयुष्यभराची नोकरी. त्यामुळे कंपनीचा वार्षिक अहवाल वाचण्याचा सराव मला सर्वात भावला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा मोबदला मध्यक कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध येतो त्याच्या) किती पट आहे, हे भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७(१२) नुसार जाहीर करावं लागतं. ब्रिटनमध्येही शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना २०१९ पासून मुख्याधिकाऱ्याच्या पगाराबाबत तसं बंधन आहे. मध्यकच का, हे प्रशिक्षिकेने पाच आकडे लिहून दाखवलं : १०, १२, १४, १६ आणि १४८. सरासरी येते ४०, मध्यक १४. पाचातल्या चौघांना सरासरीच्या निम्मंही मिळत नाही! सभेत हे दोन मिनिटांत कुणालाही पटतं, भाषणाची गरज पडत नाही.

तिने पुढे जे दाखवलं ते तर फार मोलाचं. सफाई आणि सुरक्षेचं काम कंत्राटदाराकडे गेलं की ती कमी पगाराची माणसं कंपनीच्या पटावरून उतरतात, मध्यक वर सरकतो, आणि कुणाच्याही पगारात एक पै न वाढता गुणोत्तर सुधारलेलं दिसतं. म्हणजे अहवाल हातात आला की पहिला प्रश्न, कंत्राटी माणसं यात धरलीत का?

मागणी ठरवण्याचं सत्रही नेटकं होतं. 'विषमता हटवा' असं निवेदन दिलं तर घेणारा हसून ठेवून देतो. मागणी अशी हवी की ती मान्य करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याचं पद आपल्याला सांगता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९९४ मध्ये चर्चमंडळी आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि महापालिकेच्या कंत्राटदारांनी निर्वाह वेतन दिलंच पाहिजे असा नियम त्यांनी करून घेतला. तिथल्याच पोर्टलंड शहराने २०१६ मध्ये मुख्याधिकाऱ्याचा पगार मध्यकाच्या शंभर पटींवर गेला की कंपनीवर जादा कर बसवला. हरलेली लढाईही दाखवली, हे मला आवडलं. एकाच कंपनीत सर्वात कमी आणि सर्वात जास्त पगाराचं प्रमाण १ : १२ च्या वर जाऊ नये, हा प्रस्ताव स्वित्झर्लंडच्या मतदारांनी २०१३ मध्ये फेटाळला, जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी.

आता तक्रार. गट चालवण्याचं सत्र घाईघाईत उरकलं. इतिवृत्त कुणी लिहायचं, वर्गणी कशी ठेवायची एवढंच. ज्यांच्या पगाराबद्दल आपण बोलतोय ती माणसं सभेला येणार कशी, यावर अवाक्षर नाही. संध्याकाळी सातची सभा म्हणजे पाळीवर असलेल्या सफाई कामगाराला दार बंद. लहान मूल असेल तर तेही बरोबर येणार, त्याची सोय हवी. आणि नाव पुढे आलं तर काम जाईल ही भीती खरी असते, तिच्यावर धीराचे चार शब्द पुरत नाहीत. निवेदनावर कुणाची सही असावी, अधिकाऱ्यासमोर कुणी बोलावं, हे त्यांनाच ठरवू द्यायला हवं. आमच्या गटाने सभा दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत घ्यायला सुरुवात केली आणि मागणीच बदलली. आम्ही पगारवाढ धरून बसलो होतो. त्यांना आधी हवी होती वेतनचिठ्ठी, कारण किती कापलं जातं हेच त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं पगारपत्रकं केलेल्या मला हे आधी त्यांच्याकडूनच ऐकावं लागलं.

आयोजकांना विनंती आहे, पुढच्या तुकडीत या विषयाला पूर्ण सत्र द्या आणि ते कंत्राटी कामगारांनाच घेऊ द्या. आकडेमोडीचं सत्र आहे तसंच ठेवा.