रिओ की साओ पावलो: ब्राझीलच्या गव्हर्नरांचा क्रम कुठून वाचायला घ्यावा?

ब्राझीलचे राजकारण राज्यांच्या अंगाने समजून घ्यायचे ठरवले, तर 26 राज्यांपैकी एखादे आधी निवडावे लागते. शोधनिबंधासाठी असो, वार्तांकनासाठी असो की स्वतःच्या कुतूहलापोटी, निवड बहुधा साओ पावलो आणि रिओ दि जानेरो या दोघांवर येऊन थांबते. दोन्हीकडच्या गव्हर्नरांच्या याद्या वरवर सारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्या फार वेगळ्या गोष्टी शिकवतात, आणि कोणती आधी घ्यावी याबद्दल माझे मत ठाम आहे.

तिथला गव्हर्नर लोकांनी थेट चार वर्षांसाठी निवडलेला असतो. आपल्याकडे मुख्यमंत्री करतो ते काम त्याचे. उपगव्हर्नर त्याच्याच जोडीने निवडून येतो. आमदार फोडून सरकार पाडणे हा प्रकार तिथे नाही. त्यामुळे मुदत संपण्याआधी खुर्ची रिकामी झाली, तर कारण राजीनामा, मृत्यू, महाभियोग किंवा न्यायालय यांपैकीच असते. यादी वाचताना पूर्ण मुदती सोडा आणि तुटलेल्या मुदतींवर बोट ठेवा.

साओ पावलोची यादी तुटते ती एप्रिलच्या आसपास. दुसऱ्या पदासाठी उभे राहायचे असेल, तर गव्हर्नरने मतदानाच्या सहा महिने आधी पद सोडावे लागते, आणि मतदान असते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. आता नावे बघा. 2006 मध्ये जेराल्दो आल्कमिन राष्ट्राध्यक्षपदासाठी गेले, उरलेले नऊ महिने क्लाउदिओ लेंबो यांनी काढले. 2010 मध्ये जोझे सेरा गेले, आल्बेर्तो गोल्डमन आले. 2018 मध्ये पुन्हा आल्कमिन गेले, मार्सिओ फ्रान्सा आले. 2022 मध्ये जोआओ दोरिया गेले, रोद्रिगो गार्सिया आले. सेरा आणि आल्कमिन हरले. 2018 मध्ये तर आल्कमिन यांना पाच टक्केही मते मिळाली नाहीत. दोरिया यांनी मे महिन्यातच माघार घेतली. सर्वांत श्रीमंत आणि सर्वाधिक लोकसंख्येच्या या राज्याचा गव्हर्नर राहिलेला माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून शेवटचा निवडून आला तो 1960 मध्ये, जानिओ क्वाद्रोस. आल्कमिन अखेर 2023 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले, तेही ज्यांच्याकडून 2006 मध्ये हरले होते त्या लुला यांचे.

या नऊ महिन्यांच्या गव्हर्नरांकडे अभ्यासक फार कमी बघतात, याचे मला वाईट वाटते. लेंबो यांना पदावर येऊन जेमतेम दीड महिना झाला असताना, मे 2006 मध्ये, तुरुंगांतून चालणाऱ्या पीसीसी या टोळीने राज्यभर पोलिसांवर हल्ले केले. त्या हल्ल्यांत आणि नंतरच्या पोलिसी कारवाईत मिळून पाचशेहून अधिक माणसे मेली. राज्यावरचे इतके मोठे संकट अशा माणसाने हाताळले, ज्याच्या नावावर गव्हर्नर म्हणून कोणी स्वतंत्रपणे मत दिले नव्हते. उपगव्हर्नर कोण आहे हे का बघायचे, ते इथे कळते.

बाकी साओ पावलोची यादी सरळ आहे. 1995 मध्ये मारियो कोव्हास यांच्यापासून सुरू झालेली पीएसडीबी या पक्षाची सत्ता, मधले लेंबो आणि फ्रान्सा सोडले, तर 2022 अखेरपर्यंत टिकली. कोव्हास मार्च 2001 मध्ये कर्करोगाने पदावर असतानाच गेले आणि आल्कमिन पहिल्यांदा तिथे बसले. 2022 मध्ये गार्सिया दुसऱ्या फेरीतही पोचले नाहीत. तार्सिसिओ द फ्रेइतास जिंकले. (गोव्याशी एक जुना धागाही आहे. 1532 मध्ये आजच्या साओ पावलो राज्यातली साओ व्हिसेंते ही वसाहत उभारणारे मार्तिम आफोन्सो द सौझा पुढे 1542 मध्ये पोर्तुगीज भारताचे गव्हर्नर म्हणून गोव्यात आले. फ्रान्सिस झेवियर त्यांच्याच ताफ्यातून आले.)

रिओची यादी मुळातच गुंतागुंतीची. 1960 मध्ये राजधानी ब्राझिलियाला गेली आणि रिओ शहराचे ग्वानाबारा नावाचे वेगळे राज्य झाले. आसपासच्या रिओ दि जानेरो राज्याची राजधानी नितेरोई होती. 1975 मध्ये लष्करी राजवटीने दोन्ही राज्ये एक केली. त्यामुळे त्याआधीच्या दोन याद्या समांतर चालतात आणि नवख्याची हमखास गल्लत होते.

1982 मध्ये थेट निवडणुका परतल्या. साओ पावलोत फ्रँको मोंतोरो आले, रिओत लिओनेल ब्रिझोला. ब्रिझोला हद्दपारीतून तीनच वर्षांपूर्वी परतले होते आणि लष्कराला नकोसे होते. संगणकीय मतमोजणीत त्यांना मागे दाखवले जात असताना एका रेडिओ केंद्राच्या स्वतंत्र मोजणीने तो घोळ उघड केला. पुढे 1994 मध्ये ब्रिझोला आणि 2002 मध्ये अँथनी गारोतिन्यो यांनी एप्रिलमध्येच पद सोडले, म्हणजे साओ पावलोचाच नियम. गारोतिन्यो यांच्या जागी आलेल्या बेनेदिता दा सिल्व्हा या ब्राझीलमधल्या राज्याचा कारभार हाकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्या वर्षअखेरीची निवडणूक मात्र गारोतिन्यो यांच्या पत्नी रोझिन्या यांनी जिंकली.

त्यानंतर क्रम बिघडतो. सर्जिओ कबराल एप्रिल 2014 मध्ये पायउतार झाले. नोव्हेंबर 2016 मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली अटक झाली आणि तुरुंगाबाहेर यायला डिसेंबर 2022 उजाडला. त्यांच्या जागी आलेले पेझाओ आजारी असताना, 2016 चे ऑलिम्पिक तोंडावर आलेले असताना, हंगामी गव्हर्नर फ्रान्सिस्को दोर्नेलेस यांनी राज्य आर्थिक आपत्तीत असल्याचे जाहीर केले. पेझाओ यांना नोव्हेंबर 2018 मध्ये पदावर असतानाच अटक झाली. 2021 ची त्यांची शिक्षा अपिलात 2023 मध्ये रद्द झाली, हेही नोंदवले पाहिजे. माजी न्यायाधीश विल्सन वित्झेल ऑगस्ट 2020 मध्ये निलंबित झाले. पाच आमदार आणि पाच न्यायाधीशांच्या खास न्यायाधिकरणाने 30 एप्रिल 2021 रोजी त्यांना दहा विरुद्ध शून्य मतांनी पदच्युत केले. उपगव्हर्नर क्लाउदिओ कास्त्रो त्यांच्या जागी आले आणि 2022 मध्ये पहिल्याच फेरीत जिंकले.

मिनास जेराइस या तिसऱ्या राज्याचा पर्यायही सुचवला जातो. तान्क्रेदो नेव्हेस आणि त्यांचे नातू आएसिओ या तिथल्या दोन गव्हर्नरांमुळे घराण्यांचा अभ्यास करणाऱ्याला तो उपयोगी, सुरुवातीला नको.

नियम समजून घ्यायचे असतील तर साओ पावलो घ्या, 1982 पासून. तो नियम पक्का झाला की रिओचा 2002 पर्यंतचा भाग आपोआप उलगडतो. पण एकच निबंध लिहायचा असेल आणि विषय संस्था कशा चालतात हा असेल, तर सरळ रिओ निवडा. तिथे महाभियोग, निलंबन, अटक आणि अपील हे सारे 2014 ते 2023 एवढ्याच काळात सापडते. फक्त अटकेची बातमी वाचून थांबू नका. प्रत्येक खटल्याचा पुढचा निकाल शोधा, कारण पेझाओ यांच्यासारखा निकाल फिरलेला असू शकतो. 1975 च्या आधी जाणार असाल, तर ग्वानाबारासाठी वेगळी वही ठेवा.