प्राट वापरून बघितलं, मराठीचे दोन च अखेर डोळ्यांनी दिसले

मी अमराठी लोकांना मराठी शिकवते आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच की मॅडम, अक्षर तर एकच आहे मग तुम्ही च दोन प्रकारे का बोलता? हिंदीत तो दुसरा च नाहीच, त्यामुळे कितीही वेळा म्हणून दाखवलं तरी त्यांना फरक ऐकूच येत नाही. म्हणून प्राट (Praat) टाकून घेतलं. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, आवाज रेकॉर्ड करून तपासायचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं, नावाचा डचमधला अर्थ 'बोल'.

आईकडून दोन वाक्यं बोलून घेतली, 'पेपर वाचा' आणि 'त्याला वाचा फुटली'. लिहिताना वाचा सेम टू सेम. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र (आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, जिथे आवाज जोरात तिथे काळं), उघडला तर आधी काही खास दिसेना, कारण मुळात चित्र 5000 हर्ट्झलाच संपतं आणि पेपरवाल्या च मधला तो त्स-सारखा घासल्याचा आवाज त्याच्याही वर जातो. रेंज 10000 केली आणि लख्ख दिसलं! दोन्हीकडे आधी जीभ टेकते तेवढी पांढरी फट, मग 'वाचा फुटली' मध्ये काळा पट्टा बराच खालून सुरू होतो आणि 'पेपर वाचा' मध्ये तो पार वर सरकलेला. मला खरंच भरून आलं, आयुष्यभर बोलतोय आपण हे आणि आपली लिपी ते दाखवतच नाही.

क्लासमध्ये प्रोजेक्टरवर लावलं, एक मुलगा माइकवर परत परत 'पेपर वाचा' म्हणत होता आणि तिसऱ्या वेळी त्याचा पट्टा वर गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा-माझी घेतलं, पुढे ई आली की झ कसा बदलतो ते पण दिसलं.

नवीन असाल तर काही गोष्टी सांगते. रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फाइलमध्येच करा, व्हॉइस नोटमध्ये वरचा आवाज कापला जातो आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. फॉर्मंटचं (म्हणजे तोंडात आवाज घुमून चित्रात जे ठळक पट्टे दिसतात त्यांचं) मूळ सेटिंग 5500 हर्ट्झ बायकांच्या आवाजासाठी आहे, पुरुषाचा असेल तर 5000 करा. उघडल्यावर दोन विंडो येतात, त्यातली पिक्चरवाली सुरुवातीला सरळ बंद करा. आणि सेव्ह आठवणीने करा, आपोआप होत नाही. दिसायला जुनाट आहे पण मॅन्युअल आतच आहे आणि चांगलं आहे.

माझ्याकडून पाचपैकी पाच. ळ अजून राहिलाय, रविवारी आजीकडून 'वेळ' आणि 'वेल' रेकॉर्ड करून आणणारे.