चैत्रातला पवई तलाव आणि पाहुण्या पक्ष्यांची फेरी : एक अभिप्राय

गुढीपाडव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी पवई तलावाच्या काठावर एका लहान निसर्गप्रेमी गटाने पक्षिनिरीक्षणाची फेरी ठेवली होती. मी आणि माझी पत्नी, दोघेही गेलो होतो. माणशी 400 रुपये शुल्क, सकाळी सव्वासहाला काठावर जमणे, साडेआठपर्यंत निरीक्षण आणि शेवटी दिसलेल्या पक्ष्यांची यादी सर्वांनी मिळून पूर्ण करणे, असे तिचे स्वरूप होते. अशा पाच-सहा फेऱ्या मी यापूर्वी मुंबईत आणि ठाण्याच्या खाडीवर केल्या आहेत. त्या सगळ्यांत मला ही उजवी वाटली, कारण या फेरीत चालणे जवळपास नव्हतेच. मार्गदर्शक ताईंनी जलपर्णीचा पट्टा आणि मोकळे पाणी जिथे एकमेकांना भिडतात ती एकच जागा निवडली आणि पुढचा दीड तास आम्हाला तिथून हलू दिले नाही.

पहिली पंधरा मिनिटे हे मला जड गेले. पक्षी पाहायला आलो आहोत तर पुढे जाऊन पाहावे, असे वाटत होते. पण काठावरची माणसे स्थिर झाली की पक्षी आपल्या कामाला लागतात, हे त्या दीड तासात नीट कळले. आधी दूर गेलेला तुतवार शेपटी वरखाली हलवत आमच्यापासून दहा-बारा पावलांवर येऊन चिखल टोचू लागला. कांस्यपंखी कमळपक्षी आपली लांबलचक बोटे पसरून पानांवरून चालत होता आणि तो पाऊल टाकण्यापूर्वी पान कसे चाचपतो हेसुद्धा दिसत होते.

चैत्राची निवड ताईंनी जाणीवपूर्वक केली होती आणि त्यामागचे कारण त्यांनी नेमके सांगितले. आपल्याकडे हिवाळी पाहुणे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरू लागतात आणि बहुतेक जण एप्रिल संपेपर्यंत उत्तरेकडे निघून जातात. त्यामुळे या दिवसांत तलावावर दोन प्रकारची वर्दळ असते. हिवाळाभर इथेच राहिलेले पक्षी निघण्यापूर्वी अंगावर चरबी साठवत असतात, आणि आपल्याहून दक्षिणेला हिवाळा काढलेले पक्षी परतीच्या वाटेवर एखाद-दोन दिवसांसाठी टेकतात. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरात हे बदल सुरू होतात. काही लहान पक्षी तर प्रवासापूर्वी वजन जवळजवळ दुप्पट करतात. ताई दर रविवारी याच जागेवरून मोजणी करतात, म्हणूनच पिवळे धोबी (शेपटी हलवत फिरणारे लहान पाहुणे पक्षी) मागच्या आठवड्यात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि आज जलपर्णीवर सर्वत्र आहेत, असे त्या वही उघडून सांगू शकल्या. यातले बरेच जण काल-परवाच उतरले असावेत, हा त्यांचा अंदाज मला पटला.

त्यांपैकी एका धोब्याला मी सुमारे वीस मिनिटे पाहत होतो. हिवाळ्यात हा पक्षी मळकट, ओळखायला अवघड आणि खरे सांगायचे तर दुर्लक्ष करण्याजोगा दिसतो. आता त्याच्या गळ्यावर आणि छातीवर पिवळा रंग भरत होता, पण सलग नव्हे. जुन्या फिक्या पिसांमधून नवी पिसे अशी वर आली होती की कुणीतरी हळदीची चिमूट टाकावी आणि ती अंगभर पसरायची राहून जावी. पानाच्या कडेवर बसलेल्या माशीकडे तो मान पुढे काढून दोन पावले धावत जाई, शेपटी हलवी आणि माशी टिपून लगेच पुढच्या पानावर जाई. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजींनी विचारले, "ताई, हा आजारी आहे का हो? पिसे अशी उडाल्यासारखी दिसतात." ताई म्हणाल्या, "नाही आजी, कपडे बदलतोय. पुढच्या दोन आठवड्यांत पुरता पिवळा होईल आणि मग निघेल." या एका उत्तरासाठी 400 रुपये दिले असते तरी मला जास्त वाटले नसते.

तसाच बदल पाण्यावर उडत फिरणाऱ्या कल्लेदार सुरय पक्ष्यांवर दिसत होता. काहींची पोटे अजून पांढरी होती, तर काहींची गडद राखी झाली होती आणि काळ्या टोपीखालचा पांढरा गाल त्यामुळे उठून दिसत होता. मोकळ्या पाण्यात भुवई बदकांची एक लहान टोळी होती आणि नराच्या डोळ्यावरची पांढरी भुवई दुर्बिणीशिवायही ओळखू येत होती. तारेवर भिंगऱ्यांची रांग होती. एकदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून गेला तेव्हा ती सगळी एकदम उठली.

फेरीचा दुसरा गुण म्हणजे शिस्त. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायला ताईंनी सक्त मनाई केली. प्रवासासाठी ताकद साठवत असलेल्या पक्ष्याला खोट्या प्रतिस्पर्ध्याकडे धावायला लावणे अन्यायाचे आहे, असे त्या शांतपणे म्हणाल्या. तलावाची ओळखही त्यांनी मोजक्या शब्दांत करून दिली. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव आजही शहराला पिण्याचे पाणी देतात, पण तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. 1891 मध्ये बांधलेल्या पवईचे पाणी मात्र पिण्यायोग्य राहिले नाही. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी कमळपक्ष्यांना चालायला आणि धोब्यांना चरायला जागा देते, तरी बदके आणि सुरय यांना लागणारे मोकळे पाणी तीच गिळते. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काठावरच्या सायकल मार्गाचे बांधकाम बेकायदा ठरवले. त्या निकालामुळे हा काठ पक्ष्यांसाठी उरला, याबद्दल मला मनापासून समाधान वाटते.

आता उणिवा. फेरी सव्वासहाऐवजी पावणेसातला सुरू झाली, कारण उशिरा येणाऱ्यांसाठी आयोजक थांबले. पाण्यावरची हालचाल पहाटेच सर्वांत जास्त असते, त्यामुळे वेळेवर आलेल्यांचे यात सरळ नुकसान झाले. माणसे बावीस होती आणि ताई एकट्या होत्या. टोकाला उभे असलेल्यांपर्यंत त्यांचा आवाज पोहोचत नव्हता आणि आवाज चढवणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. दहा-बाराच्या वर नोंदणी घेऊ नये, असे मी आयोजकांना कळवले आहे.

सर्वांत मोठी तक्रार भाड्याच्या दुर्बिणींची. 100 रुपये जादा घेऊन आम्हाला दिलेल्या 10×50 (दहा पट मोठे दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगाच्या) दुर्बिणीच्या दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. एकाच पक्ष्याच्या दोन प्रतिमा दिसत आणि दहा मिनिटांत पत्नीचे डोके दुखू लागले. ताईंनी आपली 8×42 दुर्बीण तिच्या हाती दिली आणि ती लावायलाही शिकवली. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने दूरचा खांब स्पष्ट करायचा, मग डावा डोळा झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची आणि त्यानंतर सकाळभर त्या कडीला हात लावायचा नाही. दुर्बीण अनेक वर्षे घरात असूनही हे मला कुणी सांगितले नव्हते. हातात धरून पाहायचे असेल तर आठ पट पुरते, दहा पटीत हाताचा कंपही तितकाच वाढतो.

लहान मुलांना आणायचे असल्यास ती दीड तास एका जागी उभी राहतील का, हे आधी ठरवावे. घडीचा स्टूल आणि टोपी आवश्यक आहे, कारण आठनंतर ऊन थेट डोळ्यांवर येते. कांजूरमार्ग स्थानकाहून रिक्षाने वेळेत पोहोचता येते. एप्रिलच्या अखेरीस जाण्यात फारसा अर्थ नाही, तोपर्यंत बरीचशी जागा रिकामी झालेली असते. मी ऑक्टोबरमधल्या पहिल्या फेरीसाठी दोन नावे देऊन ठेवली आहेत. तेव्हा हेच धोबी मळकट कपड्यांत परत उतरलेले असतील आणि या वेळी दुर्बीण आम्ही घरचीच नेणार आहोत.