तयार ‘ऑर्किड मिक्स’: आधी चाळा, मग भिजवा, मग भरा

एक किलोची पिशवी. आत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे बारीक खडे. पाचपैकी साडेतीन गुण, आणि ते मुख्यतः आत जे नाही त्यासाठी: माती नाही, शेणखत नाही, कोकोपीट नाही. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम ही मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारी ऑर्किड, आपल्या सह्याद्रीतल्या ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडसारखी. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सोडणाचे तुकडे दीड-दोन सेंटीमीटरचे आहेत, हे माप अगदी योग्य.

दीड गुण कापला तो भुग्यासाठी आणि पिशवीवरच्या ‘वापरायला तयार’ या दाव्यासाठी. तळाशी तीन-चार मुठी भुगा निघतो. तो तसाच भरला तर पाण्याबरोबर खाली सरकून कुंडीची भोकं बुजवतो आणि मुळं गुदमरतात. मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळूनच घ्या. सोडणात क्षार असतात, म्हणून चोवीस तास भिजत घाला आणि तेवढ्यात तीनदा पाणी बदला. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. ही पायरी गाळली तर मुळांची कोवळी टोकं काळी पडतात.

कुंडी बदलायची ती फुलं ओसरल्यावर, बुडाशी नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू लागली की. भर पावसात नको, कापलेल्या जागा सुकत नाहीत. मुळं अर्धा तास पाण्यात ठेवली की लवचीक होतात, मोडत नाहीत. नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या मधोमध बहुधा मॉसचा (वाळवलेल्या शेवाळाचा) घट्ट गोळा असतो, तो सगळा काढा. कूज तिथूनच सुरू होते. मूळ चिमटीत धरून हलकं ओढा: साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर उरली तर ते मेलेलं, ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकांना; निरोगी मुळांना लागली तर ती सुकतात.

नवी कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच मोठी घ्या. मिक्स दाबून ठासू नका, कुंडीला बाहेरून टिचक्या मारत बसवा. पानांचं बूड वरच राहू द्या. चार-पाच दिवस पाणी नको, नंतर मुळं चंदेरी दिसली की द्या. हिरवी असताना थांबा.

नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत फॅलेनॉप्सिससाठी यात मूठभर भिजवलेलं मॉस मिसळा. मुंबई-कोकणात त्याची गरज नाही. डेंड्रोबियमला हे मिक्स जरा जास्त ओलावा धरतं, म्हणून कोळसा आणि वीट मिळून निम्म्याहून जास्त होतील इतकी वाढवा. व्हँडा या ऑर्किडसाठी घेऊच नका; तिला टोपलीत कोळशाचे चार मोठे तुकडे पुरतात.

दीड-दोन वर्षांनी सोडणाचा तुकडा बोटांत दाबून पाहा. लगदा झाला तर बदलायची वेळ आली. विटा उकळून परत चालतील. कोळसा क्षार धरून ठेवतो, तो टाकून द्या.

चाळून-धुऊन पाच इंची दोन कुंड्या भरतात. एक-दोन झाडं असतील तर घ्या. जास्त असतील आणि घरी नारळ सोलले जात असतील, तर सोडण कोयत्याने तोडून कोळसा आणि वीट वेगळी विकत घेणं स्वस्त पडतं, आणि भुगाही कमी निघतो.