फॉस्फो-स्टॅट५ अँटिबॉडी: साधन उत्तम, माहितीपत्रक अपुरे

टी-पेशींना वाढीचा संदेश मिळाला की नाही, हे अनेक प्रयोगशाळांमध्ये पेशींची संख्या मोजून ठरवले जाते. त्यात काही दिवस जातात, आणि वाढ झालीच नाही तर संदेश नेमका कुठे अडला हे शेवटपर्यंत कळत नाही. फ्लो सायटोमेट्रीसाठी (एकेका पेशीवरील रंगाचा प्रकाश मोजण्याच्या तंत्रासाठी) विकत मिळणारी, अलेक्सा फ्लुओर ६४७ हा रंग जोडलेली फॉस्फो-स्टॅट५ अँटिबॉडी, म्हणजे फॉस्फेट लागलेले स्टॅट५ हे संदेशवाहक प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी, त्याच प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी देते. मानवी रक्तातील पेशींवर ती नियमित वापरल्यानंतर माझे मत असे आहे की सायटोकाइनवर (पेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात त्या प्रथिनांवर) काम करणाऱ्या प्रत्येक गटाकडे ती असायला हवी. केवळ सोबतच्या माहितीपत्रकावर मात्र विसंबून राहू नये.

ती नेमके काय टिपते, हे आधी पाहायला हवे. आयएल-२ (इंटरल्यूकिन-२) हे टी-पेशींना वाढीचा संदेश देणारे सायटोकाइन. पेशीवरचा त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारे प्रथिन, अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन साखळ्यांचा असतो. अल्फा साखळी, म्हणजेच सीडी२५, आयएल-२ ला घट्ट धरून ठेवण्यास मदत करते; तिचा पेशीच्या आतला भाग इतका आखूड असतो की संदेश पुढे नेण्याचे काम तिच्याकडे नाही. ते काम बीटा आणि गॅमा करतात, पण त्यांच्याकडेही स्वतःचे एन्झाइम नसल्यामुळे बीटाच्या शेपटीला जॅक१ आणि गॅमाच्या शेपटीला जॅक३ ही एन्झाइमे जोडलेली असतात. आयएल-२ मुळे या साखळ्या एकत्र आल्या की दोन्ही जॅक सक्रिय होतात आणि बीटा साखळीवरील टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतात. तिथे स्टॅट५ येऊन बसतो, त्यालाही फॉस्फेट लागतो, मग तो सुटून दुसऱ्या स्टॅट५ शी जोडी करतो आणि केंद्रकात जाऊन वाढीच्या जनुकांना चालना देतो. स्टॅट५ए मधील ६९४ व्या टायरोसिनवरचा हाच फॉस्फेट ही अँटिबॉडी ओळखते. स्टॅट५बी मध्ये तीच जागा ६९९ वी असून दोहोंतला फरक तिला दाखवता येत नाही.

तिचा खरा कस आयएल-२ ची मात्रा पायरीपायरीने उतरवताना लागतो. तिन्ही साखळ्या असलेला रिसेप्टर सुमारे १० पिकोमोलर इतक्या विरळ आयएल-२ लाही पकडतो, तर फक्त बीटा-गॅमा असलेल्याला साधारण शंभरपट जास्त लागते. आलेखावर हे स्वच्छ दिसते: कमी मात्रेत बहुतेक सीडी४ पेशींचे (मदतनीस टी-पेशींचे) शिखर डावीकडे, म्हणजे कमी फॉस्फेटच्या बाजूला, परत येते, सीडी२५ भरपूर असलेल्या ट्रेग पेशींचे (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशींचे) मात्र उजवीकडेच राहते. आधी टोफासिटिनिब हे औषध देऊन जॅक रोखले की तेही खाली येते, म्हणून हे नियंत्रण प्रत्येक प्रयोगात ठेवावे. गॅमा साखळीतील दोषामुळे मुलग्यांना गंभीर प्रतिकारशक्ती-अभाव होतो हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. अशा संशयित रुग्णांच्या तपासणीतही या चाचणीचा चांगला उपयोग होतो.

माझी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. अँटिबॉडी आत पोहोचण्यासाठी पेशींना पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर केल्यावर बर्फासारखे थंड मिथेनॉल द्यावे लागते, आणि त्यात पीई (फायकोएरिथ्रिन) हा रंग व त्यावर बेतलेले टँडेम (दोन रंग जोडून केलेले) रंग नष्ट होतात. हा इशारा आमच्या हाती आलेल्या पत्रकात नव्हता. पृष्ठभागावरील काही खुणाही मिथेनॉलनंतर ओळखू येत नाहीत, त्यामुळे अँटिबॉडीचा प्रत्येक क्लोन (प्रकार) आधी तपासून घ्यावा. सीडी२५ ची अँटिबॉडी उत्तेजनापूर्वी लावली तर ती आयएल-२ ची जागा अडवू शकते. आयएल-२ घालून वाढवलेल्या पेशी वापरत असाल, तर त्या धुऊन काही तास आयएल-२ विना ठेवाव्यात. एरवी उत्तेजन न दिलेल्या नळीतही फॉस्फो-स्टॅट५ दिसत राहील.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. आयएल-७ आणि आयएल-१५ सुद्धा स्टॅट५ लाच जागे करतात, त्यामुळे रुग्णाच्या पेशींत आधीपासून दिसणारा फॉस्फेट कोणत्या सायटोकाइनचा, हे ती सांगत नाही. आयएल-२ चा संदेश पीआय३के-एकेटी आणि मॅप-कायनेज या वाटांनीही जातो. पेशीचा आकार आणि चयापचय वाढणे बऱ्याच अंशी पहिल्या वाटेवर अवलंबून असते. स्टॅट५ उत्तम दिसूनही पेशी वाढत नसतील, तर या पहिल्या वाटेचा मागोवा देणाऱ्या एस६ या प्रथिनाची फॉस्फो-अँटिबॉडी सोबत घ्यावी.

पहिल्या खरेदीत लहान बाटलीच मागवा, ती ४ अंशांवर प्रकाशापासून दूर ठेवा आणि गोठवू नका. टायट्रेशन केल्यावर, म्हणजे वेगवेगळ्या मात्रा तपासून पाहिल्यावर, अनेकदा सुचवलेल्या मात्रेपेक्षा कमी पुरते, आणि मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला ही बचत मोठी आहे.